एक तरी पेपर नाकारा, सर!

संशोधनाच्या नियतकालिकाच्या ऑफिसात दोन गोष्टी साठतात. एक पेपर आणि दुसरे किस्से. पेपर छापून होतात, वेबसाइटवर जातात आणि तिथं निवांत पडून राहतात. किस्से मात्र चहाच्या कपाबरोबर फिरत राहतात आणि दर फेरीला थोडे अंगानं भरतात!

आमचं जर्नल भूगोलाचं. नाशिकच्या एका कॉलेजात नकाशांच्या कपाटांमागे जी खोली आहे, तेच आमचं ऑफिस. मुख्य संपादक देवरे सर, मूळचे सटाण्याकडचे. शिंदे मॅडम आकडेवारी बघतात : सध्या कोणत्या विषयाची चलती आहे, कुणी कुणाला साइट केलं, म्हणजे कुणाच्या पेपरचा संदर्भ दिला, कुठला पेपर किती डाउनलोड झाला. आणि मी पगारे, सहसंपादक. म्हणजे ईमेल पाठवणारी, फोन उचलणारी आणि चहा सांगणारी.

सर यंदा निवृत्त होतायत. त्याआधी आपलं जर्नल त्या मोठ्या इंडेक्समध्ये, म्हणजे मान्यता मिळालेल्या जर्नलांच्या यादीत, बसावं एवढीच त्यांची इच्छा. यादीत नाव नसेल, तर आमच्याकडे छापलेला पेपर नोकरीला धरत नाहीत की प्रमोशनला. मग पेपर पाठवणार कोण? सरांच्या मागोमाग जर्नलही घरी बसणार! अर्ज केला. सगळं जमत आलं, एकच रकाना अडला : ‘आपण किती पेपर नाकारता?’

शिंदे मॅडमनी जुनं सगळं चाळलं आणि म्हणाल्या, “सर, एकही नाही.”

“बघा! किती चांगले लेखक आहेत आपले!”

“सर, इंडेक्सच्या समितीला हे असं नाही वाटणार. त्यांना वाटेल, इथं काहीही छापतात.”

सरांचा चेहरा पडला. त्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही, हे अख्ख्या जिल्ह्यातल्या भूगोलाच्या मास्तरांना ठाऊक आहे. तेव्हापासून आम्ही दोघी नाकारण्याजोगा पेपर शोधायच्या मागे लागलो.

*

पहिले सापडले गावित सर. हरसूलकडच्या कॉलेजात शिकवतात, माणूस एकदम मोकळा. त्यांचा पहिला पेपर हरसूलच्या आठवडे बाजारावर होता. मग जीआयएसची, म्हणजे संगणकावरच्या नकाशांची, हवा आली, तेव्हा आला ‘जीआयएसच्या साहाय्याने आठवडे बाजार’. आता सगळे हवामानबदलावर लिहितात, म्हणून ‘हवामानबदल आणि आठवडे बाजार’! संशोधनाचे बदलते कल बघायचे असतील तर गावित सरांची नुसती शीर्षकं वाचावीत.

मी तिन्ही पेपर सरांपुढे मांडले. “सर, फोटो बघा. हा बैल तिन्ही पेपरांत आहे!”

सरांनी चष्मा वर केला, बैल नीट पाहिला आणि म्हणाले, “मग त्याला सहलेखक करा.”

हसण्यात नकार राहूनच गेला. सरांनी फोन करून गावितांना सांगितलं, बाजारात परत जा, लोकांशी नव्यानं बोला, मग पाठवा. ते खरंच गेले. महिन्याभरात पेपर नव्यानं लिहून आला आणि चक्क चांगला होता. फोटोत बैलही नवा होता!

*

दुसरा पेपर आला ओझरहून. शहराच्या वाढीवरचा. खाली भलीमोठी संदर्भसूची आणि तिच्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच नाव, लेखकाचं स्वतःचं!

शिंदे मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला. “अहो, या विषयावर दुसऱ्या कुणी कामच केलं नाही का?”

“केलंय ना मॅडम, लय लोकांनी केलंय. पण ते कुठं मला साइट करतात?”

मॅडमनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, “सर, हा नाकाराच.”

सर खिडकीबाहेर बघत होते. “एकटा पडलाय हो बिचारा,” ते म्हणाले. त्यांनी त्याला बोलावून घेतलं, लायब्ररीत बसवलं आणि इतरांचे पेपर वाचायला लावले. पेपर सुधारून छापून आला. वर पुढच्या अंकाच्या संपादकीयात सरांनी स्वतः त्याला साइट केलं!

*

मध्येच एक आनंदाची बातमी आली. आमचा एक जुना पेपर अचानक धडाधड डाउनलोड व्हायला लागला. पंचवटीतल्या गल्ल्यांची रचना असा विषय. छापला तेव्हा लेखकाच्या बायकोनंही वाचला नसेल. शिंदे मॅडमचा आलेख सरळ वर! सरांनी पेढे मागवले. कुठल्या विद्यापीठात अभ्यासक्रमाला लागला असेल, यावर आमची पैजही लागली.

दुपारी ऑनलाइन मागवलेली मिसळ घेऊन एक गृहस्थ आले. टेबलावर तो अंक उघडाच होता. त्यांनी नकाशाकडे बोट दाखवलं. “अरे, हा तर आमच्या ग्रुपवर आहे! मोबाईलचा नकाशा त्या गल्ल्यांत गाडी बंद टोकाला नेऊन घालतो. आमची सगळी डिलिव्हरीवाली पोरं हाच वापरतात.”

शिंदे मॅडम खट्टू झाल्या. डाउनलोड खरे, पण साइट कोण करणार? डिलिव्हरीवाले?

सरांनी त्या गृहस्थांच्या हातावर दोन पेढे ठेवले आणि म्हणाले, “मॅडम, आपला पेपर घेऊन पहिल्यांदाच कुणीतरी फिल्डवर गेलंय!”

*

तिसऱ्या पेपरला मात्र तो तपासणाऱ्या बाहेरच्या परीक्षकांनीच स्पष्ट ‘नाही’ म्हटलं होतं. लेखक मालेगावकडचा तरुण. सरांनी मन घट्ट केलं, मी नकाराची मेल लिहून तयार ठेवली. तेवढ्यात सरांचा फोन वाजला. पलीकडे त्या तरुणाचे होणारे सासरे!

“सर, जावईना पेपर पास व्हयना का? हॉल बुक करना शे!”

जावयाचा पेपर पास झाला असेल, तर त्यांना लग्नाचा हॉल बुक करायचा होता. पेपर छापला की पीएचडी, पीएचडी झाली की नोकरी, नोकरी लागली की लग्न, असा सगळा हिशोब होता.

“करा बुक,” सर म्हणाले.

“सर! परीक्षक नाही म्हणालेत!” शिंदे मॅडम जवळजवळ ओरडल्याच.

“हो मॅडम, पण लग्नसराईत हॉल मिळत नाही हो.”

पुढचे सगळे रविवार सर त्या मुलाला घेऊन बसले. सगळी आकडेमोड पुन्हा करून घेतली, निष्कर्ष दोनदा खोडून लिहायला लावले. परीक्षकांनी दुसऱ्यांदा वाचून पेपर मान्य केला. लग्नाला आम्ही तिघं जाऊन आलो. जेवण झकास होतं, पण अर्जातला रकाना रिकामाच!

*

मग सरांचा स्वतःचा पेपर आला. बऱ्याच वर्षांनी लिहिलेला, डोंगराळ भागातल्या आटत चाललेल्या झऱ्यांवर. निवृत्तीआधीच्या शेवटच्या अंकात तो यावा, असं त्यांच्या फार मनात होतं. त्यांनी तसं बोलून नाही दाखवलं, पण नकाशे काढताना ते शीळ घालायचे. नियमाप्रमाणे मी नाव काढून दोन परीक्षकांना पाठवला. एकानं लिहिलं, छापा. दुसऱ्यानं लिहिलं, माहिती जुनी आहे, छापू नये. असं झालं की निर्णय मुख्य संपादकाचा.

“सर, यात तुम्ही पडू नका,” मी म्हटलं. “तिसऱ्या परीक्षकाकडे पाठवते.”

सरांनी दोन्ही अभिप्राय वाचले. दुसरा परत एकदा वाचला. मग खुर्ची पुढे ओढली. “दुसरा खरं बोलतोय. घ्या पगारे मॅडम, मेल लिहा.”

“कुणाला, सर?”

“मला.”

त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. ‘प्रिय डॉ. देवरे, आपला पेपर स्वीकारता येत नाही, याचा खेद वाटतो.’ खाली सही डॉ. देवरे. हसू दाबत मी ती मेल सरांच्याच पत्त्यावर पाठवली. शिंदे मॅडम उगाचच कपाटातले नकाशे लावत बसल्या. त्यानंतरचे काही दिवस सरांनी शीळ घातली नाही.

समितीची मीटिंग ऑनलाइन झाली. पुण्याच्या एक बाई प्रश्न विचारत होत्या, आवाज कडक. नाकारलेल्या पेपरची मेल त्यांच्यासमोर होती, त्यातलं लेखकाचं नाव आम्ही झाकलं होतं.

“नकार अगदी स्पष्ट आहे,” त्या म्हणाल्या. “लेखकानं काही वाद घातला का?”

“नाही,” सर म्हणाले. “वाईट वाटलं त्याला. पण मी त्याला समजावलंय. म्हटलं, नवी माहिती घाल, सुधारून आण, पुढच्या अंकात घेऊन टाकू!”