सवच्या फाट्यावरचा फ्लेक्स

मंजुळाचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. त्या दिवशी चूल पेटवायच्या आधी तिनं ओट्यावरच्या दोन तांब्यांत बोटं बुडवली. आधी एकात, मग दुसऱ्यात. एकात नुसतं पाणी होतं. दुसऱ्यात तिच्या नातीनं, प्रियदर्शिनीनं, रात्री मूठभर गंधक कालवून ठेवला होता. गंधक शेजारच्या चांगूकडचा. आंब्याच्या कलमांच्या मोहोरावर भुरी पडते म्हणून तो भुकटी आणून ठेवतो.

थंडीचे दिवस. दोन्ही तांबे सारखेच गार.

"ऊठ गो," मंजुळा म्हणाली. "तुजं खरं हाय."

प्रियदर्शिनी आठवीत आहे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं एक तक्ता केला होता. सवचं पाणी गरम का? सवची गरम पाण्याची कुंडं त्यांच्या वाडीपासून चालत जाण्याइतकी जवळ. पोरीनं महाडच्या वाचनालयातली पुस्तकं वाचली आणि खाली उत्तर लिहिलं: पावसाचं पाणी भेगांतून जमिनीत खोल उतरतं, तिथल्या तापलेल्या खडकांनी तापतं आणि पुन्हा वर येतं. विज्ञान शिकवणाऱ्या श्रीधर सरांनी त्या उत्तरावर लाल रेघ ओढली. वर लिहिलं, 'गंधकामुळे'. सोमवारपर्यंत ओळ बदलून आण, नाहीतर तुझा तक्ता जाणार नाही, असं भर वर्गात सांगितलं.

पोरगी रडत घरी आली तेव्हा आधी आजीनंच तिला झापलं.

"सर बरोबर सांगतात. माजी आयपण हेच सांगायची. पाण्याला वास येतो तो कसला मग?"

"वास गंधकाचाच. पण ऊब त्याची नाय. तुझ्या आयनं कधी पाण्यात गंधक टाकून बघितला होता काय?"

बघितला नव्हता. मंजुळानंही नाही. गुडघे दुखायला लागले तशी ती दर रविवारी कुंडात पाय सोडून बसायची, पण हे कधी मनात आलं नव्हतं. म्हणून तर तांबे मांडले.

मंजुळा आंबेनळी घाटात मजुरीला जाते. दरड खाली येऊ नये म्हणून तिथे तारेच्या जाळीच्या पेट्या मांडतात आणि त्यात दगड भरून भिंत उभी करतात. दगड टाकायचे नसतात, हातानं लावायचे असतात. खाली मोठा, वर बसका, फटीत दगडाची चिप. मागच्या पावसाळ्याआधी तिची एक पेटी पोट सुटल्यासारखी फुगली. मुकादम अरविंद नुसता बघत उभा राहिला. मंजुळानं पदर खोचला, सगळी पेटी रिकामी केली आणि पुन्हा भरली. कुणाला सांगावं लागलं नाही. घाटाचा रिवाजच तो. ज्यानं वाकडं लावलं त्यानंच उपसायचं. दुसऱ्याच्या हातानं उपसून घेणारा माणूस टोळीत टिकत नाही.

सोमवारी तिनं कामावर खाडा केला. दोन्ही तांबे दुरडीत ठेवले आणि नातीबरोबर शाळेत गेली.

श्रीधर सर शिक्षकांच्या खोलीत मोबाईल बघत बसले होते. नीटनेटका माणूस. महाडला राहतात, रोज मोटारसायकलनं येतात. मुलांना मारत नाहीत, शिव्या देत नाहीत. मंजुळानं तांबे टेबलावर ठेवले.

"हात घाला, सर."

"हे काय, मावशी?"

"ह्यात गंधक हाय, ह्यात नाय. कोणतं गरम लागतं ते सांगा."

सर हसले. हात खिशात गेले. "मावशी, मी वीस वर्षं शिकवतोय."

"वीस वर्षं हेच?"

बाजूच्या बाईंनी चहाचा कप तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला. सरांचं हसू गेलं. "अहो, असं तांब्यात होत नसतं. जमिनीखाली गंधक जळतो."

"जळताना कोणी बघितला?"

"गाईडमध्ये आहे."

"गाईड लिवणारा सवला आलेला काय? तुमच्या तर रोजच्या वाटेवर सवचा फाटा हाय, सर. कधी गाडी वळवलीत?"

आवाज ऐकून मुख्याध्यापिका राजश्री बाई आल्या. सगळं ऐकून घेतलं. प्रियदर्शिनीनं दाखवलेलं पुस्तकही चाळलं. मग मंजुळाच्या खांद्यावर हात ठेवला.

"आजी, मुलीचं बरोबर असेलही. पण सर ज्येष्ठ आहेत. एका ओळीचा तर प्रश्न आहे. तिला म्हणावं, बदल."

"एकच ओळ हाय तर सरांनी बदलावी. चुकली त्यांची."

"प्रदर्शनाला जायचंय ना तिला?"

हे पोरीकडे बघून विचारलं होतं. प्रियदर्शिनीनं तक्त्याची गुंडाळी छातीशी घट्ट धरली. "खोटं लिहून नाही जायचं," ती म्हणाली.

तिच्याऐवजी दुकानातून आणलेला ज्वालामुखी गेला. सोडा घातला की फेस येतो, तो. त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. शाळेनं सरांचा फोटो काढला.

इथं कोणी म्हणेल, चूक कोणाची होत नाही? होते. मंजुळाचीही झाली होती. जन्मभर तिनं तेच धरलं होतं जे सरांनी धरलं. फरक एवढाच, तिनं पहाटे थंडीत पाण्यात बोटं घातली आणि आपलं म्हणणं उपसून टाकलं. सरांना खिशातून हात काढायचा होता. तेवढे कष्ट झाले नाहीत. पगार मात्र कष्टाचाच म्हणून घेतात. आणि त्यांची फुगलेली पेटी दर वर्षी नव्या पोरांच्या डोक्यावर उभी राहते.

त्या आठवड्याची मजुरी हातात आली तशी मंजुळा पोरीला घेऊन महाडला फ्लेक्सवाल्याकडे गेली. तिथे भिंतभर वाढदिवसांचे फ्लेक्स लटकलेले. सोन्याच्या साखळ्या, काळे चष्मे.

"कोणाचा वाढदिवस, आजी?" पोऱ्यानं संगणकावरून मान न काढता विचारलं.

"कोणाचा नाय. पाण्याचा हाय."

"फोटो कोणाचा टाकू?"

"फोटो नको. हा तक्ता टाक. हाय तसा, मोठा. ती लाल रेघपण राहू दे."

पोऱ्यानं तक्ता वाचला, पुन्हा वाचला. "आम्हाला पण गंधकच शिकवलेलं," तो म्हणाला. "खाली शुभेच्छुक म्हणून कोण?"

प्रियदर्शिनीनं आजीकडे बघितलं.

"शुभेच्छुक कोणी नाय," मंजुळा म्हणाली. "लिही, ज्याला पटत नाय त्यानं गंधक टाकून बघावं."

चांगूनं सवच्या फाट्यावरचं आपलं कुंपण दिलं. अक्षरं महाडच्या बाजूनं येणाऱ्याला दिसतील असा फ्लेक्स बांधला. अंघोळीला येणारे थांबून वाचतात. दुधवाला थांबतो. शाळेची पोरं तर ओरडून वाचतात. श्रीधर सर रोज सकाळी तिथून जातात. गाडी अजून वळलेली नाही. वर्गात अजून गंधकच आहे.

गुडघ्याच्या पट्ट्यासाठी राखलेली मंजुळाची मजुरी त्या फ्लेक्सला गेली, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून घेतलेल्या सुतळीला. गाठी तिनं स्वतः मारल्या. एक तिरकी बसली होती. ती तिनं सोडली आणि पुन्हा बांधली.