डावीकडून वाचलेला बेडूक

आमच्या घराच्या भिंतींविषयी माझा धाकटा भाऊ जे सांगत फिरतो, ते खोटे आहे. मुद्दाम रचलेले खोटे नव्हे. त्या भिंती नांदेडच्या आणि तो नंतर लातूरला जन्मला, म्हणून त्याला माफी आहे; मान्यता मात्र नाही.

त्याचे म्हणणे असे की, वडील निजामी अमलातले सायन्सचे मास्तर, सरकारी नोकर, दिवस धास्तीचे, म्हणून आल्यागेल्याच्या नजरेत भरावेत अशा बेताने त्यांनी घरात उर्दू मजकुराचे शास्त्रीय तक्ते टांगले, निजामावरची निष्ठा दिसावी म्हणून. आता भावाच्या नातीने लातुरात नवे घर घेतले आहे आणि जुन्या शास्त्रीय चित्रांनी ते सजवण्याची तिला हौस आहे. आमच्या तक्त्यांपैकी शिल्लक राहिलेला एकच माझ्याकडे आहे, बेडकाचा. तो तिला हवा होता, आणि खाली पितळी पट्टीवर ‘पणजोबांच्या संग्रहातून’ असे कोरायचे होते. मी म्हणालो, तक्ता घेऊन जा. पट्टी मला मंजूर नाही. त्या भिंती आमच्या आईने सजवल्या, आणि ते डोळ्यांनी पाहिलेला माणूस आता मी एकटाच उरलो आहे.

वडील ज्या फौकानियात, म्हणजे हायस्कुलात, शिकवत, तिथे नवे तक्ते आले तेव्हा जुने मोडीत निघाले. वडिलांनी ते मागून घेतले ते तक्त्यांना पाठीमागे चिकटवलेल्या कापडासाठी. माळवद गळायचे, धान्याच्या कणग्यांवर टाकायला जाड कापड बरे, एवढाच त्यांचा हिशेब. ‘संग्रह’ हा शब्द त्यांच्या कानी गेला असता तर ते हसले असते. आईने गुंडाळ्या सोडल्या, जमिनीवर अंथरल्या आणि त्यांच्यामध्ये बसून राहिली. चंद्राच्या कला, कापसाच्या फुलाचे भाग, माणसाचे काळीज, बेडूक. सांगाडाही होता, तो तिने तेवढा परत गुंडाळला.

“हा हाडांचा बाप्या कणगीवर टाका,” ती म्हणाली. “बाकीचे मला लागतात.”

“कशाला?”

“बघायला.”

कडा फाटल्या होत्या. तिने जुन्या इरकली लुगड्याचा काठ उसवून प्रत्येक तक्त्याला किनार शिवली आणि मधल्या खोलीत, चुलीसमोरच्या भिंतीवर, स्वतः खिळे ठोकले. त्या खोलीत परका पुरुष कधी आला नाही. मग ती उर्दू अक्षरे दाखवायची कोणाला होती, चुलीला? आणि खिळे इतके खाली होते की उभ्या माणसाला चित्र पाहायला वाकावे लागे. ते ठोकणारीने भाकरी थापता थापता मान वर केली की समोर काय दिसेल, एवढेच मोजले होते. वडील उंच होते. त्यांनी टांगले असते तर तक्ते आढ्याला लागले असते.

त्यावर भाऊ म्हणतो, खाली लावले असतील तर ते मुलांना शिकवण्यासाठी. याला माझ्याकडे पक्के उत्तर आहे, कारण शिकलो तो मीच.

उर्दू उजवीकडून वाचतात, म्हणून बेडकाच्या तक्त्यावर अंडी उजव्या टोकाला होती आणि पूर्ण वाढलेला बेडूक डाव्या. आईला मराठी तेवढी वाचता येई. ती डावीकडून निघाली. तिच्या वाचनात धष्टपुष्ट बेडकाला आधी शेपूट फुटे, मग पाय गळत, मग तो मासोळीएवढा होई आणि अखेरीस मोहरीएवढा.

“उन्हाळ्यात बेडूक कुठं जातो, सांग बरं,” ती मला विचारी आणि उत्तरही देई. “कुठं नाही जात. कमी कमी होतो, दाण्याएवढा होऊन चिखलात निजतो. मिरगात पुन्हा मोठा.”

वडील शेजारी जेवत असत. ऐकत, आणि भाकरी मोडत.

पुढे वर्गात त्यांनीच बेडकाची वाढ विचारली. मी उठून उर्दूत आईचा बेडूक सांगितला, मोठ्यापासून दाण्यापर्यंत. सारा वर्ग हसला. वडील हसले नाहीत. फळ्यावर अंडे काढले आणि उजवीकडून सुरुवात केली. घरी आल्यावर मी हट्टाने म्हणालो की आता आईलाही समजावून सांगा. त्यांनी पगडी खुंटीला लावली.

“शाळेत उजवीकडून वाच, घरी डावीकडून,” ते म्हणाले. “भिंत तिची आहे.”

सायन्सच्या मास्तराने आपल्या घरातला चुकीचा बेडूक असा राहू दिला. शिकवण्यासाठी तक्ते लावणारा माणूस असे करत नाही. पुढे वडिलांची लातूरला बदली झाली तेव्हा आईने तक्ते भांड्यांच्या आधी बांधले, हेही भावाला ठाऊक नाही.

परवा तक्ता घेऊन मी त्या नव्या घरी गेलो. नातीने तो सोफ्याच्या वर, छताच्या अलीकडे धरला. हातोडी भावाच्या हातात होती.

“खाली घे,” मी म्हणालो.

“किती खाली, मोठे आजोबा?”

“तू बसतेस कुठे?”

तिने खिडकीजवळची गादी दाखवली. तिला तिथे बसवले. मी तिच्या डोळ्यांसमोर तक्ता धरला. भाऊ चष्मा सावरत वाकला. तो शाळेत गेला तो निजामी गेल्यावर, मराठी शाळेत. उर्दूचे अक्षर त्याला येत नाही. त्याचे बोट डावीकडून निघाले.

“हा बेडूक. मग याला शेपूट आलं. मग पाय गेले... दादा, हा तर लहान होत चाललाय.”

“मग पुढे?”

“पुढे काय, दाणा.”

“आजोबा, उलटं वाचताय तुम्ही,” नात हसत म्हणाली.

भावाचे बोट तिथेच थांबले. आई गेली तेव्हा तो फार लहान नव्हता; तिचा मिरगातला बेडूक त्यानेही ऐकलेला असणार. त्याने खिळा मी दाखवला तिथे, खाली, ठोकला.

“मग पट्टीवर काय लिहू?” नातीने विचारले.

“पणजीच्या भिंतीवरून,” भाऊ म्हणाला. मग माझ्याकडे न पाहता, “किनार मात्र शिंप्याने शिवलेली आहे.”

ती किनार आजही तक्त्यावर आहे, कोणीही जाऊन पाहावी. इतके वाकडे टाके घालणारा शिंपी नांदेडात आठवडाभर टिकला नसता.