आपांची कात्री आणि माझ्या आईची चोळी

माझं अक्षर गिचमिड आहे, चौथीतच शाळा सुटल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही, त्याची माफी असावी. पण डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या रत्नागिरीच्या आपांसारखी बाई अख्ख्या दुबईत दुसरी नसेल, आणि हे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही!

आपांना आधी माणूस दिसायचाच नाही, त्याचे कपडे दिसायचे. लिफ्टमध्ये कुणाची कॉलर विरलेली दिसली, की लगेच, "भाईजान, हा शर्ट टाकाल तेव्हा मला द्या हां." तो बिचारा दुसऱ्या दिवसापासून जिन्यानं जायचा. हे वेड लागलं अल क्वोजच्या एका गोदामात. तिथल्या प्रदर्शनाला माझी सून आम्हा दोघींना घेऊन गेली होती. ग्वाटेमाला देशातल्या माया जमातीच्या बायकांच्या पिशव्या होत्या. त्या बायका माग कमरेला बांधून, जमिनीवर बसून चोळीचं कापड विणतात, आणि चोळी जुनी झाली की तिचीच पिशवी शिवतात, असं सुनेनं पाटी वाचून सांगितलं. लाल-निळे पक्षी इतके भरगच्च, की माझ्या अंगावर काटा आला! आपांनी तर एका पिशवीत कोपरापर्यंत हात घातला, आत गळ्याची शिवण हाताला लागली आणि त्या ओरडल्या, "वहिनी, अगं, इथं तिची मान होती!" सगळं गोदाम वळून बघायला लागलं. मी खांबाआड.

त्या दिवसापासून वर मशीन घरघरू लागलं. आवारातल्या शनिवारच्या बाजारात आपांनी जुन्या कपड्यांच्या पिशव्यांचं टेबल मांडलं. कापड कुणाचं, ते गिऱ्हाइकाला सांगायचंच, हा त्यांचा हट्ट. "ही आमच्या ह्यांची लुंगी, तीनदा धुतलीये." गिऱ्हाईक पिशवी खाली ठेवायचं. "हा शेजारच्यांचा शर्ट. माणूस भांडकुदळ, पण कापड बघा!" शेजारी मागेच उभे. माझी नात कपाळाला हात लावून म्हणाली, "आजी, दिस इज सो एम्बॅरसिंग!"

आईची म्हणून माझ्याजवळ एकच वस्तू होती, खणाची चोळी. आपांनी ती मागितली, आणि मला तेव्हा कुणाला नाही म्हणताच यायचं नाही. मागे नातीच्या जीन्सचा तुकडा लावून, छोटी पिशवी शिवून मला परत देणार होत्या. पण गडबडीत ती विकायच्या ढिगातच गेली. आपा दुसऱ्या बाईला लुंगी समजावत होत्या, तेवढ्यात एका मडमेनं ती उचलली, खांद्याला अडकवली, टेबलावर पैसे ठेवले आणि निघाली. दुबईत आल्यापासून मी परक्या माणसाशी एक शब्दही बोलले नव्हते. आणि मी जी ओरडले, "खलास! नॉट सेल! माय आई!"

मडम परत आली आणि तिनं पिशवी दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत ठेवली. "शाब्बास वहिनी!" म्हणून आपा टाळ्या पिटायला लागल्या. मग पिशवी कुठली ते त्यांनी पाहिलं, आणि खुर्चीत मटकन बसल्या. "या अल्ला, मी काय केलं गं!" मी त्यांना पाणी दिलं. त्या पाणी पिता पिता रडत होत्या आणि हसतही होत्या. "पण तू बोललीस!"

त्यांच्या मुलाची नोकरी सुटली, तशा आपा रत्नागिरीला परतल्या. वर आता दुसरं कुटुंब राहतं, कपडे नवे घेतात, जुने टाकतात. मी ती पिशवी रोज वापरते. परवा तिचा एक कोपरा उसवला. सून म्हणाली, "आई, खाली शिंप्याकडे टाकते, पाच मिनिटांचं काम."

मी सरळ नाही म्हटलं. आपा येतील, इन्शाल्ला, आणि त्याच टाके घालतील.