घोड्यासाठी बादली

धनुर्वातावरचं औषध आलं की मामा ती काचेची कुपी आधी कानाशी धरायचे. डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे. "हाय. श्वास चालू हाय."

उमरग्याजवळच्या आमच्या सरकारी दवाखान्यात ते वॉर्डबॉय होते. डोक्याचा कापूस झालेला, तरी हुद्दा बॉयचाच! मी तिथली नवी नर्स. मामांचं निम्मं आयुष्य मुंबईकडच्या एका तबेल्यात गेलेलं. तिथं घोड्यांना धनुर्वाताचं विष थोडंथोडं टोचत. घोड्याच्या रक्तात त्या विषाचा उतारा तयार होई, मग ते रक्त काढून औषध बनवत. घोडी धरून उभं राहायचं काम मामांचं.

मी सुई भरली की ते दारातून विचारायचे, "शिष्टर, घोड्याला इचारलं का?" म्हणजे, आधी थेंबभर कातडीखाली टोचून पाहिलं का? घोड्याचं औषध सगळ्यांनाच मानवतं असं नाही. चट्टा उठला की मामा पुटपुटायचे, "न्हाय म्हनतंय."

दुष्काळाची वर्षं ती. खडी फोडताना पाय फुटलेली माणसं यायची, दातखीळ बसलेली, अंग कमानीसारखं वाकलेलं. जरा उजेड दिसला, भांडं वाजलं, की झटका. म्हणून खिडकीला घोंगडी लावून त्यांना कोपऱ्यातल्या खोलीत अंधारात ठेवायचो. त्या खोलीच्या दारात मामा पाण्याची भरलेली बादली ठेवायचे. इथं प्यायच्या पाण्याची मारामार आणि यांचं हे! मी एकदा चिडलेच. "कुणासाठी हो ही?"

"घोडं लांबनं येतंय, बाई. त्याला तहान लागत न्हाय व्हय?"

मी हसले. पण संध्याकाळी बादली निम्मी झालेली. शेळीबिळी पिऊन गेली असेल, म्हटलं. मग खडीवरची एक बाई बरी झाली. जबडा सुटल्यावर तिनं पहिलं विचारलं, "उशाशी फुरफुरायचं ते घोडं कुठं गेलं?" तुम्ही म्हणाल, तापातली बडबड. असेल. पण तिच्याशी घोड्याबद्दल कुणी चकार शब्द बोललं नव्हतं.

धनुर्वाताची लस टोचून घ्या म्हटलं की मामा पसार. "लई रगत काडलंय घोड्यांचं. आता मला नगं."

"अहो, ही लस घोड्याची नाही!"

"सगळं घोड्याचंच असतंय, बाई." यापुढं कुणाचं काय चालणार?

टँकरच्या पत्र्यानं त्यांचा पाय कापला, तेही कुणाला सांगितलं नाही. कळलं तेव्हा जबडा आवळत आला होता. मी कुपी आणली. मामांनी दातांतूनच विचारलं, "इचारलं का?"

थेंबभर टोचलं. चट्टा बघताबघता कोपरापर्यंत चढला, मामांना धाप लागली. डॉक्टरांनी कुपी खाली ठेवली. माणसाच्या रक्तापासून केलेलं औषध मिळतंय का बघायला जीप सोलापूरला पळवली.

अंधारात मामांचा चेहरा हसरा दिसत होता. तो रोग चेहरा तसा ओढतो, मला ठाऊक होतं. तरी बघवेना. "न्हाय म्हनतंय," एवढंच ते म्हणाले.

बादली मीच भरली, काठोकाठ. दारात ठेवून तिच्याकडेच बघत बसले. ये रे बाबा, म्हटलं, एकदा ये.

जीप दुसऱ्या दिवशी रिकामीच आली. तोवर मामा गेले होते. मी ओक्साबोक्शी रडले. बादलीतलं पाणी तसंच काठोकाठ होतं. टँकरमागं एकमेकांच्या झिंज्या उपटणाऱ्या आमच्या दवाखान्यात त्या पाण्याला कुणी हात लावला नाही.