जोकरला बोलावता तरी कशाला?

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहून राहिलो.

तुम्हाला ठाऊकच हाय, मी लग्नात, वाढदिवसाला जोकर बनतो. आज निलंग्यात एका चार वर्षांच्या पोरीचा वाढदिवस होता. तोंड रंगवून, लाल नाक लावून मी आत पाऊल टाकलं, तर पोरगी किंचाळत आईच्या कुशीत शिरली. केक तसाच राहिला.

तिची आजी माझ्यावरच खेकसली, "असलं भेसूर तोंड करून येतात का लेकरांपुढं?"

मी पोरीच्या आईला विचारलं, "ताई, लेकरू एवढं का भ्यालं?"

ती हसत म्हणाली, "अहो, ही जेवत न्हाई ना, म्हणून मोबाईलवर तो दातवाला भुताचा जोकर दाखवते. भ्याली की चार घास गपगुमान जातात बघा."

म्हणजे घास भरवायला मीच भूत, अन् वाढदिवसाला फुगे वाटायलाही मीच! भुताचे सिनेमे तुम्ही खुशाल बघा, माझी काही हरकत न्हाई. मोठी माणसं हायत तुम्ही. पण चिमुरड्या लेकरासाठी आमच्या तोंडाचा बागुलबुवा कशाला करता?

कपडे बदलले, नळावर तोंड धुतलं अन् निघालो. तेवढ्यात तीच पोरगी हळूच जवळ आली. माझं बोट घट्ट धरून कुजबुजली, "काका, घरात जोकर आलाय. तुमी जाऊ नका ना."

सांगा मंडळी, काय सांगायचं होतं मी तिला?