गवई मॅडमचा थेंब

गवई मॅडमच्या पर्समध्ये कंगवा नसे, ड्रॉपर असे. डब्याचं झाकण, माझा रेनकोट, एसटीची सीट, काहीही दिसलं की त्यावर पाण्याचा थेंब सोडून त्या वाकून बघायच्या. “गोल बसला. नापास!” अमरावतीच्या प्रयोगशाळेत त्या माझ्या मार्गदर्शक होत्या. कृत्रिम गुडघ्यातलं पांढरं प्लॅस्टिक घासून झिजतं. त्याच्या पृष्ठभागावर अशी प्रक्रिया करायची की पाणी पसरेल, म्हणजे सांध्यातलं वंगणही त्यावर टिकेल, हा त्यांचा ध्यास.

प्रक्रिया केलेला एक तुकडा फ्रीजमध्ये राही आणि त्याचा जोडीदार त्यांच्या गच्चीवर, पत्र्याच्या डब्यात. मी कुरकुरले की म्हणत, “काहून वं? गुडघे का फ्रीजमंदी ठिवून इकतीन? गोदामातच पडून रायतीन ना?”

अकोल्याच्या एका दवाखान्यात कृत्रिम गुडघे बनवणाऱ्या कंपनीची माणसं नमुना बघायला येणार होती. त्यांनी नाही म्हटलं तर प्रयोगशाळा बंद, असं संस्थेने आधीच बजावलं होतं. मे महिना होता. एसटीने मूर्तिजापूर मागे टाकलं. माझ्या मांडीवर बर्फाच्या डब्यात फ्रीजमधला तुकडा होता, त्यांच्या हातात चार महिने गच्चीवर तापलेला त्याचा जोडीदार.

दवाखान्यातल्या टेबलाभोवती सगळे वाकले. मॅडमनी नेमका गच्चीवरचा तुकडा ठेवला. थेंब पडला आणि गोलच्या गोल बसून राहिला. मी घाईघाईने बर्फाचा डबा उघडायला गेले, तर मॅडमनी झाकणावर हात ठेवला.

“राहू दे, पोरी.”

“मॅडम, हा पसरेल!”

“मले मालूम हाय. आज पसरंन. चार महिन्यांनी?” मग पाहुण्यांकडे वळून त्या शांतपणे म्हणाल्या, “आमची प्रक्रिया टिकली नाही. अजून घेऊ नका.”

पाहुणे चहा घेऊन गेले. पावसाळ्याआधी प्रयोगशाळेला कुलूप लागलं आणि मॅडम मुदतीआधीच निवृत्त झाल्या. मला त्यांचा भयंकर राग आला होता, तो वर्षभर गेला नाही.

आता मी दुसऱ्या शहरात हेच काम करते. परवा विद्यार्थिनीने विचारलं, “मॅडम, दाखवायला ताजा तुकडा काढू?” ‘हो’ माझ्या जिभेवर आलं होतं. म्हटलं, “जुना आण.”