बॉलला एरंडेल

आमच्या जळगावच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा तो सीझन आठवला की अजूनही झोप उडते. मॅचमुळे नाही हो, बॉलमुळे! सांगतो.

मी दुसऱ्या वर्षाला होतो. पहिलं वर्षभर नुसता एक्स्ट्रा, आणि दुसऱ्या वर्षी कुठे पहिल्या पाचात आलो. जळगावातल्या दोन मॅच जिंकल्या, भुसावळला एक जिंकली. आता धुळ्याला जिंकलो की फायनल. आमच्या कॉलेजची टीम फायनलला कधी गेलीच नव्हती, त्यामुळे सगळे नुसते हवेत!

आमच्याकडे मॅचचा चांगला बॉल एकच. चामड्याचा, नवाकोरा. खंडेनवमीला सरांनी त्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता. सर म्हणजे आमचे खेळाचे सर. उंच, शांत, आणि त्यांच्या शांतपणाचीच जास्त भीती. आमच्या आधीचा एक जण दमून बॉलवर बसला होता. फक्त बसला! सरांनी त्याला उठवलं, टीमचे शूज काढायला सांगितले, आणि तो परत कधी टीममध्ये दिसला नाही. ही गोष्ट जुनी पोरं प्रत्येक नव्या पोराला पहिल्याच दिवशी ऐकवायची.

तर धुळ्याची मॅच सोमवारी. रविवारी खेळाची खोली बंद, आणि सोमवारी यष्टी इतक्या पहाटेची की खोली उघडायला कोणी नाही. अशा वेळी बॉल पाळीपाळीनं एकेकाच्या घरी जायचा. या वेळी पाळी माझी.

"खेळायचं नाही," सर म्हणाले. "नुसता जपायचा."

"हो सर."

आमचं गाव यावलकडचं, केळीचं. रविवारी सकाळी बॉल घेऊन मळ्यात गेलो. का गेलो? दाखवायला! गाडीवाटेवर दोनचार टप्पे मारले, तेवढ्यात बॉल दगडावरून उडाला आणि थेट नुकत्या कापलेल्या घडांच्या ढिगात. दांड्यांतून चीक टपटपत होता. मी उचलून धोतराच्या फडक्यानं पुसला. आधी काहीच दिसेना, म्हटलं वाचलो. दुपारपर्यंत तळहाताएवढे तीन काळे डाग! केळीचा चीक कपड्यावरून जात नाही, हे मला जन्मापासून माहीत. चामड्यावरून कसा जाणार? मला सारखे ते शूज काढणारे पाय दिसायला लागले, आणि ते पाय माझेच होते.

काकांना दाखवला. काका बॉल फिरवून फिरवून बघत म्हणाले, "चामडंच हाये ना रे हे?"

"हो."

"मंग एरंडेल चोय. विहिरीच्या मोटीले आम्ही तेच चोयत होतो. सगळाच काया होईल, मंग डाग कुठी दिसेल?"

मला ते इतकं पटलं! अर्धी वाटी एरंडेल चोळलं, पाऊण वाटी चोळलं. बॉल सगळा एकसारखा गर्द तपकिरी झाला. खरंच डाग दिसेना. फडक्यानं कोरडा केला, पिशवीत टाकला आणि रात्रीच जळगाव गाठलं.

सोमवारी पहाटे यष्टीत पिशवी मांडीवर घेऊन बसलो. कॅप्टन शेजारी. कॅप्टन आमचा मारवाड्याचा, घरी कापडाचं दुकान, गोड बोलणारा. म्हणाला, "काय रे, ताप आहे का तुला?" मी म्हटलं, "नाही, असाच."

धुळ्यात पंचांनी दोन्ही कॉलेजांचे बॉल बघितले. मी मनात म्हणतोय, देवा, त्यांचाच घेऊ दे. पण त्यांच्या बॉलला एका बाजूला लिंबाएवढा फुगवटा! पंच म्हणाले, "पाहुण्यांचा घ्या. रंग बघा काय सुरेख!"

दुपारी तीनचं ऊन. पहिली पाच मिनिटं ठीक गेली. मग चामडं तापलं आणि आत मुरलेलं तेल बाहेर यायला लागलं. कॅप्टनच्या हातून एक पास निसटला. मग दुसरा. मग शॉट मारताना बॉल हातातून मागेच गेला! धुळ्याची पोरं कडेला बसलेली, ती पेटलीच. "तुना हातमा काय शे रे भो? लोनी?" धुळ्याच्या खेळाडूंच्याही हातून सुटत होता, पण कॅप्टनकडे बॉल सगळ्यात जास्त, म्हणून तोच दिसत होता. मला मात्र प्रत्येक टप्प्याला वाटायचं, आता कळलं, आता कळलं.

हाफटाइमला आम्ही सहा पॉइंटनी मागे. सर कॅप्टनला म्हणाले, "तुझं लक्ष नाही. तू बस."

कॅप्टन बाकावर बसला. स्वतःचे तळहात बघत राहिला, शर्टाला पुसत राहिला. आणि ते मला बघवेना. तोंडातून निघून गेलं.

"सर, त्याची चूक नाही. मी बॉलला एरंडेल लावलंय."

सरांनी बॉल उचलला, वास घेतला.

"एरंडेल? बॉलला जुलाब द्यायचा होता का?"

एकजण फस्सकन हसला आणि सरांनी बघितल्यावर खोकायला लागला. मी भराभरा सगळं सांगितलं, चीक, डाग, काका, वाटी. सर म्हणाले, "तू बस. कॅप्टन, खेळ."

पंचांना सांगून दुसरा हाफ त्या फुगवट्याच्या बॉलवर झाला. तो बॉल टप्पा पडला की वाटेल तिकडे पळायचा. म्हणून कॅप्टननं टप्पे मारणंच बंद केलं, नुसते पास. आम्ही दोन पॉइंटनी जिंकलो. सगळे एकमेकांच्या अंगावर उड्या मारतायत आणि मी बाकावर, उठू का नको कळेना.

परतताना पारोळ्याला यष्टी चहाला थांबली. सरांनी मला बाजूला बोलावलं.

"सांगितलंस म्हणून टीममधून काढत नाही," सर म्हणाले. "कालपासून लपवलंस म्हणून पुढची मॅच बाहेर."

पुढची मॅच म्हणजे फायनल. त्यानंतर सीझनच संपत होता. तरी कुठून धीर आला कोण जाणे, मी विचारलं, "आणि पुढच्या वर्षी, सर?"

"जूनमध्ये ये मैदानावर. बॉल मात्र तुझ्या घरी येणार नाही."

मी "हो सर" म्हटलं. यष्टीत परत चढल्यावर बॉलची पिशवी कॅप्टनच्या मांडीवर ठेवली.